खाऱ्या मातीतली तुळस

यंदा श्रावणात माझी तुळस गेली. ही तिसरी. सासूबाई डोलवीच्या जुन्या घरी राहतात, आम्ही रस्त्याकडच्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर. फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "तुलस मेली असा बोलू नको. निजली बोल." आणि लगेच, "माती कुठली घातलीस?"

इथेच मी सापडले. माती आमच्याच शेतातली, बाहेरकाठ्याच्या म्हणजे खाडीकडच्या बांधाच्या आतली. एका उधाणाला तिथे खांड पडून खाडीचं पाणी आत शिरलं होतं, ते मला माहीत होतं. पण माती दिसायला इतकी काळीभोर, की फुकटची सोडवेना. महिन्याभरात कुंडीच्या काठावर पांढरा पापुद्रा धरला. घामेजलेला ब्लाउज वाळला की काखेत जसा उमटतो, अगदी तसा. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कपड्यांवर मी तो रोज बघते, तरी कुंडीवर ओळखला नाही. पानं मलूल झाली म्हणून मी पाणी वाढवत गेले. मातीत मीठ चढलं की मुळांना पाणी ओढता येत नाही. चिखलात उभं राहून झाड तहानेनं वाळतं. म्हणजे ताट वाढलेलं आणि तोंड शिवलेलं. शिवणारी मीच.

त्याच आठवड्यात गावात सप्ताह होता. कीर्तनकारबुवांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला तो प्रसिद्ध दाखला घेतला. माणूस जुने कपडे टाकून नवे घालतो, तसा आत्मा जुनं शरीर टाकून नवं घेतो, म्हणून शोक करू नये. बायका माना डोलावत होत्या. मला मात्र हसू आलं. तीस वर्षं मशीनवर बसलेल्या बाईला कोणी सांगावं की माणूस जुने कपडे टाकतो! आमच्या खारेपाटात कोण टाकतं? लुगड्याचं परकर-पोलकं होतं, त्याचं दुपटं, मग गोधडीचा थर, आणि शेवटी चुलीपाशी फडकं. कापड संपतच नाही, फक्त नाव बदलतं. गीतेतला आत्मा अमर आहे की नाही ते मला माहीत नाही, पण सुती कापड जवळपास आहे.

घरी येऊन मशीनला दोरा ओवला आणि समोर खिडकीत मनीप्लांट दिसलं. ते मी घेतलेलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या पिशवीतून तुटलेली फांदी जमिनीवर पडली होती, ती बाटलीत ठेवली. पेरावर मुळाची गाठ असली की आठ-पंधरा दिवसांत पांढरी मुळं फुटतात. ऊन नसलं तरी चालतं, उलट कडक ऊन लागलं तर पान करपतं. याची गोष्ट ऐकून मी थक्क झाले. मूळचं ते पार पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटावरचं, आणि त्याला आपणहून फूल आल्याची शेवटची नोंद 1964 सालची. फुलायला लागणारं एक संप्रेरक त्याच्या अंगात तयारच होत नाही, असं 2016 साली संशोधकांनी दाखवलं; ते बाहेरून दिलं तेव्हा फूल आलं. फूल नाही म्हणजे बी नाही. घरोघरच्या बाटल्यांतली ही वेल फांदीवरून फांदी अशीच आली. मूल नाही, नातवंड नाही. एकच अंग तुकड्या-तुकड्यांनी पसरलेलं. बुवांच्या दाखल्याला शोभेल असं झाड हेच. आणि पुजतो मात्र आपण तुळशीला, जी दोन-चार वर्षांत थकते.

तुळशीचा आणखी एक पेच आहे. मंजिरी धरली की खुडायची, म्हणजे झाड टिकतं. बी पिकू दिलं तर तिचा जीव बियांत जातो आणि ती लाकूड होते. आम्ही देवाला वाहतो ती मंजिरी म्हणजे तिचा वंश. तो खुडून आपण तिचं आयुष्य वाढवतो आणि त्याला सेवा म्हणतो. सासूबाई अर्धी मंजिरी ठेवतात, बारीक बी वृंदावनाभोवती सांडू देतात. पहिल्या पावसानंतर अंगणात रोपांचा नुसता हिरवा शिडकावा होतो. म्हणून त्यांची तुळस कधी 'मरत' नाही. माझी तिसऱ्या मजल्याच्या सावलीत, ग्रिलमध्ये. चार-पाच तास ऊन हवं तिला, मिळतात दीड.

पेणला ज्या दुकानातून मी अस्तर आणि रिळं आणते, ते जैन शेठ बटाटा खात नाहीत. एकदा कारण विचारलं. म्हणाले, आमच्यात वनस्पतीचे दोन प्रकार. एक प्रत्येक, म्हणजे एका शरीरात एक जीव. दुसरी साधारण, म्हणजे एका शरीरात अनंत जीव, कंदमुळं त्यात येतात. मी लगेच मनीप्लांटचं विचारलं. एक जीव की अनेक? कापलं की जीव दुभंगतो, की दोन होतात? शेठ कापड मोजता मोजता थांबले. "महाराजसाहेब आले की विचारतो," म्हणाले, आणि अस्तर वीतभर जास्त फाडलं.

धाकट्या दिरानं वाचनालयातून महाभारताचं भाषांतर आणलं होतं. त्यात शांतिपर्वात भरद्वाज भृगूला झाडांच्या जीवाचाच प्रश्न वकिलासारखा घालतो. झाडं ऐकत नाहीत, बघत नाहीत, हुंगत नाहीत, मग ती सजीवांसारखी कशी? भृगू शास्त्र सांगत नाही, बघायला लावतो. उन्हानं पान कोमेजतं, म्हणजे त्याला स्पर्श कळतो. वीज कडाडली की फुलं-फळं गळतात, म्हणजे ऐकू येतं. वेल आधाराला वेढत वाट काढते, आणि आंधळ्याला वाट सापडत नाही, म्हणजे तिला दिसतं. कमळाच्या देठातून पाणी ओढावं तसं झाड मुळांनी पितं. सगळे दाखले शास्त्राला पटणार नाहीत. पण माझ्या मनीप्लांटनं पडद्याची दांडी धरली तेव्हा मी भृगूच्या बाजूची झाले. आणि मग खाऱ्या मातीचा विचार करवेना. तुळशीला सुखदुःख असेल तर ते महिनाभर मी रोज तांब्यानं ओतत होते.

बुवांशी माझं भांडण इथे आहे. आत्मा मरत नाही, हे अर्जुनाला सांगितलं. त्याच्या हातात धनुष्य होतं. ज्याच्या हातात तांब्या आहे त्याला हे सांगून काय उपयोग? माझ्यापुढे आत्मा नव्हता, एक रोप होतं, नऊ इंची कुंडीत. तिला जमिनीतून उचलून कुंडीत घातलं तेव्हाच तिची मुळं शोधत जातील तो रस्ता मी बंद केला. रानातली तुळस तहानली तर तो पावसाचा दोष, कुंडीतली तहानली तर माझाच. देव म्हणून पुजलं की हा हिशेब विसरायला सोपं जातं. सून हवा शुद्ध होते म्हणून स्नेक प्लांट घेऊन आली, तिचाही हिशेब तसाच. नासानं 1989 साली बंद पेटीत केलेल्या प्रयोगावरून ती समजूत पसरली. खऱ्या खोलीत तेवढा फरक पडायला घराचं जंगल करावं लागेल. ते झाड काही न देता कोपऱ्यात उभं आहे, तीन आठवड्यांनी एकदा पाणी. मला त्याचं बरं वाटतं.

गीतेवरूनच आठवलं, आमच्याच पेण तालुक्यातल्या गागोद्याला 1895 साली विनोबा जन्मले. गीतेचं मराठी त्यांनीच आमच्यासारख्यांच्या तोंडी बसवलं. पुढे 1951 पासून जमीन मागत देशभर पायी फिरले. जमीन वाटली की देणाऱ्याची कमी होते, म्हणून ते दान. मनीप्लांटची फांदी दिली तर माझी वेल उलट खालून दाट होते. कमी होतच नाही त्याला दान कसं म्हणायचं? आणि कोणी न विचारता नेली तर चोरी तरी कशी? आमच्याकडे बायका तर म्हणतात, मनीप्लांट मागून आणलेलं लागत नाही, चोरूनच आणायचं. अस्तेय व्रताला अशी पळवाट कोणी ठेवली कोण जाणे.

परवा गडबहून एक नवी सून मापं द्यायला आली होती. मी टेप काढायला आत गेले. बाहेर आले तेव्हा तिची पर्स गच्च मिटलेली आणि चेनमधून हिरवं टोक बाहेर. वेलीच्या कापलेल्या पेरावर पाण्याचा थेंब चमकत होता. "खांदा किती ठेवू?" मी विचारलं आणि वहीत मान घातली. ती निघाली तसं एवढंच म्हटलं, "माती घालणार असशील तर शेतातली घेऊ नको हं. बाटलीतच ठेव."

ती दारात थांबली. कानापर्यंत लाल झाली होती.

"पाणी नळाचं चालेल का काकी?"

"चालेल," मी म्हटलं.