रजईत गुंडाळलेली सिंफनी

सप्टेंबर 1941. वेढा पडलेल्या लेनिनग्राडमध्ये दिमित्री शोस्ताकोविच घरी पियानोवर मित्रांना आपली नवी, सातवी सिंफनी ऐकवत होते. तेवढ्यात हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. पत्नी नीना आणि दोन्ही मुलांना तळघरात पोहोचवून ते परतले आणि पुन्हा वाजवू लागले.

मला मात्र तळघरातली नीना दिसत राहते. शिक्षणाने ती भौतिकशास्त्रज्ञ. कुशीत पाच वर्षांची गालिना, तीन वर्षांचा माक्सिम. वर बॉम्ब, आणि त्यातच नवऱ्याचे सूर. पुढे शहर सोडावं लागलं, तेव्हा कुइबिशेव शहराकडे जाणाऱ्या गच्च भरलेल्या आगगाडीत स्वरलिपीची पानं तिने रजईत गुंडाळून नेली, अशी एक आठवण सांगतात. लेकराला गुंडाळावं तशी!

27 डिसेंबरला सिंफनी पूर्ण झाली. 9 ऑगस्ट 1942 ला ती लेनिनग्राडमध्येच वाजली. रेडिओच्या वाद्यवृंदातले कितीतरी वादक भुकेने गेले होते, म्हणून आघाडीवरून सैनिक वादक बोलावले. तालमीला जादा शिधा मिळे. त्यातला घास घरी वाट पाहणाऱ्या बायकोसाठी, मुलांसाठी राखून ठेवताना त्या हातांना काय वाटलं असेल?

9 ऑगस्टच्या त्या संध्याकाळी शहरभरच्या ध्वनिक्षेपकांतून ते सूर घराघरांत पोहोचले.