ओळख पटत नाही

गेल्या पितृपक्षातली गोष्ट. सर्वपित्री अमावास्या दोन दिवसांवर आली होती आणि मला दादाकाकांचा फोटो हवा होता. दादाकाका म्हणजे अण्णांचे, माझ्या वडिलांचे, थोरले भाऊ. १९५१ साली विषमज्वराने गेले, तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. उभ्या आयुष्यात त्यांचा एकच फोटो निघाला. दर पितृपक्षात तो ट्रंकेतून निघायचा, चौरंगावर बसायचा आणि पुन्हा ट्रंकेत जायचा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी कारेलीबागेतल्या आमच्या तळमजल्यात शिरले आणि ट्रंकेसकट तो फोटो गेला. वाईट वाटले, पण धीर होता. अण्णांनी तो संगणकात उतरवून ठेवला होता.

संगणक उघडला आणि पाहतो तो काय, अण्णांनी लावलेले घरच जागेवर नव्हते!

हे घर म्हणजे काय ते सांगायला हवे. वयाच्या पंचाहत्तरीला, २००९ साली, अण्णांनी एक स्कॅनर आणला आणि दोन हिवाळे खपून घरातले सगळे फोटो संगणकात घातले. नुसते घातले नाहीत, लावले. फोल्डरांना नावे दिली : 'दांडिया बाजारचे घर', 'आईच्या माहेरची माणसे, निपाणी', 'मुंजी', 'कामाठीबाग व इतर सहली'. प्रत्येक फोटोखाली मराठीत दोन-दोन ओळी लिहिल्या. शेवटच्या फोल्डरचे नाव होते 'ओळख पटत नाही'. त्यात एकसष्ट फोटो होते. ज्यांची नावे सांगणारे आता कोणी उरले नाही, अशी माणसे तिथे मानाने बसवलेली होती.

अण्णा २०१७ साली गेले. फोटो सांभाळणारा तो प्रोग्राम त्यांच्यामागे तसाच चालत राहिला. मग एका रात्री त्याने स्वतःला सुधारून घेतले. कंपनीचे नाव घेत नाही. नाव घेतल्याने काही साधत नाही. कोणी तरी 'पुढे' या शब्दावर बोट ठेवले असेल, बहुधा मीच. चैत्रात झालेली ही सुधारणा माझ्या लक्षात आली ती भाद्रपदात.

नव्या प्रोग्रामने सगळे फोटो तारखेप्रमाणे लावले होते. आता गंमत पाहा. आजच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या पोटात तो केव्हा काढला याची नोंद असते. जुन्या कागदी फोटोला असे पोट नसते. तो स्कॅनरमधून गेला की त्याला तारीख मिळते ती स्कॅन केल्याची. त्यामुळे आजोबांचे लग्न, माझी मुंज आणि आजीचे शेवटचे आजारपण हे सगळे २००९ च्या नोव्हेंबरात, एकाच पंधरवड्यात उरकले होते. अण्णांनी लिहिलेल्या ओळी दिसेनाशा झाल्या होत्या. त्या जुन्या प्रोग्रामच्या वहीत होत्या आणि नव्याला ती वही वाचता येत नव्हती.

हेही चालले असते. पण नवा प्रोग्राम चेहरे ओळखतो. त्याने दादाकाकांचा फोटो अण्णांच्या तरुणपणच्या फोटोंत नेऊन ठेवला होता आणि त्यावर अण्णांचे नाव लिहिले होते. दोघे भाऊ, दोन वर्षांचे अंतर, तेच कपाळ, तेच कान. यंत्राची चूक समजण्याजोगी होती. पण जुन्या प्रोग्राममध्ये त्या फोटोखाली अण्णांनी काय लिहिले होते ते मला पाठ होते : 'हा मी नव्हे, दादा.' ज्या माणसाला बायको नाही, मूल नाही, फक्त एक फोटो आणि त्याखाली एक ओळ आहे, त्याची ती ओळही गेली होती. आता तो कुणीच नव्हता. त्याचा धाकटा भाऊ झाला होता.

मी पुतण्याला हाक मारली.

पुतण्याचा धंदा संगणकाचाच. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, जुना प्रोग्राम आता कोणी सांभाळत नाही. त्यातली भोके कोणी बुजवत नाही. नव्या मोबाइलचे फोटो तर तो उघडणारच नाही. नव्याची सवय करून घ्या." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आयफोन २०१७ पासून ज्या नव्या प्रकारात फोटो साठवतात, तो प्रकार जुन्या प्रोग्रामला ठाऊकच नाही. शिवाय मी सत्तरीकडे झुकलेला. या वयात माणूस आपल्या आळसाला निष्ठा म्हणू लागतो, याची मला कल्पना आहे.

रावपुऱ्यात जिथे मी फोटो छापून घेतो, त्या दुकानदाराने मात्र माझी बाजू घेतली. "काका, जूनुं एटलुं सोनुं," तो म्हणाला. आपलेही तेच : जुने ते सोने. पण ही म्हण, गुजरातीतली असो की मराठीतली, मला कधी पटलेली नाही. दांडिया बाजारच्या जुन्या घरातला अंधारा जिना जुना होता, पण सोने नव्हता. आजी त्याच जिन्यावरून पडली. जुने म्हणून चांगले हे जितके खोटे, तितकेच नवे म्हणून चांगले हेही खोटे. मग परतावे केव्हा आणि कशाच्या आधारावर?

हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही, हेही मग कळले. 'पिकासा' नावाचा एक प्रोग्राम होता. गूगलने तो २००४ साली घेतला आणि फुकट वाटला. तो फोटोंना जागचे हलवत नसे. त्या त्या फोल्डरमध्ये एक लहानशी लपलेली फाइल ठेवून आपली टिपणे तिथे करी. २०१६ च्या मार्चमध्ये त्याचा सांभाळ थांबला. तरी जपून ठेवलेल्या फाइलवरून तो पुन्हा बसवून घेणारी माणसे जगभर निघाली. ॲपलने २०१५ साली आपल्या जुन्या 'आयफोटो'च्या जागी नवा प्रोग्राम आणला, तेव्हाही अनेकजण कुरकुरले. मायक्रोसॉफ्टला तर नव्या फोटो-प्रोग्रामच्या शेजारी जुना 'लेगसी' म्हणून वेगळा ठेवावा लागला. लेगसी म्हणजे वारसा. विकणाऱ्यालाही शेवटी तोच शब्द सुचला!

मिक्सर बदलला तर चटणी बदलत नाही. फार तर आवाज बदलतो. फोटोंचे तसे नाही. अल्बममध्ये कोणाशेजारी कोण, हा क्रमसुद्धा आठवणीचाच भाग असतो. अण्णांनी आजीचा एक फोटो 'दांडिया बाजारचे घर' मध्ये न ठेवता 'निपाणी' मध्ये ठेवला होता, कारण त्यात ती सून नव्हती, मुलगी होती. ती मांडणी मोडली की फोटो राहतात आणि सांगणारा निघून जातो. म्हणून माझी तक्रार नवेपणाबद्दल नव्हतीच. सुधारणा करणाऱ्याने विचारले नाही, हीसुद्धा अर्धीच तक्रार. खरी तक्रार ही की त्याला जे ठाऊक नव्हते ते त्याने ठाऊक असल्यासारखे लिहिले.

असो. शेवटी परतायचे ठरले. अण्णा दर दिवाळी पाडव्याला सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून माळ्यावर ठेवत. २०१६ च्या पाडव्याची प्रत पुरातून वाचली होती. जुन्या प्रोग्रामची सीडीही त्यांच्या कपाटात सापडली. पुतण्याने एक संध्याकाळ खर्ची घातली आणि घर पुन्हा उभे राहिले. 'हा मी नव्हे, दादा.' मी ती ओळ मोठ्याने वाचली.

आणि मग सूनबाईचा, पुतण्याच्या बायकोचा, चेहरा पाहिला.

चैत्रापासून भाद्रपदापर्यंत तिने नव्या प्रोग्राममध्ये आपल्या मुलीचे फोटो लावले होते. पहिला दात, पहिले पाऊल, बोरन्हाण, तिच्या माहेरची, म्हणजे नडियादकडची, माणसे. गुजरातीत खाली ओळी लिहिल्या होत्या. जुन्या प्रोग्रामला नव्याची वही वाचता येत नव्हती. फोटो होते, मांडणी नव्हती. ती काही बोलली नाही. एवढेच म्हणाली, "असू दे काका, मी परत करीन."

त्या 'असू दे' ने मी वरमलो. यंत्राने मला न विचारता जे केले, तेच मी तिला न विचारता केले होते. परत जाणाऱ्याला नेहमी वाटते की आपण मोडलेले सावरतो आहोत. पण मधल्या काळात त्या जागेवर कोणी तरी राहायला आलेले असते. द्विभाषिक मुलखात राहणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको. पाटी बदलली की एकाला घर गेल्यासारखे वाटते, आणि ती पुन्हा जुनी केली की दुसऱ्याला. आमच्या शहराचे सरकारी नाव वडोदरा झाले, पण विद्यापीठाच्या नावात बडोदा तसेच आहे आणि रेल्वेचा संकेत अजून बी.आर.सी. आहे. दोन्ही नावे चालतात, गाडी चुकत नाही.

तेव्हा मला आमच्या प्राच्यविद्या मंदिराची आठवण झाली. या संस्थेने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात कांडांत प्रसिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताचे तसेच काम १९१९ साली हाती घेऊन १९६६ साली पुरे केले. या पंडितांपुढचा पेच माझ्याच पेचाचा मोठा भाऊ होता. शेकडो वर्षे नकलाकारांनी पोथ्या उतरवल्या आणि उतरवताना सुधारल्या. अवघड शब्द दिसला की सोपा घातला, तुटक वाटले तिथे श्लोक जोडला. हेतू चांगलाच. म्हणूनच पाठ ठरवताना फार सरळ, फार सोयीचा पाठ दिसला की संपादक सावध होतात. अवघड पाठच मूळचा असण्याचा संभव अधिक धरतात. पण जुनी पोथी म्हणजे बरोबर पोथी, असेही ते मानत नाहीत. वर एक पाठ छापतात आणि खाली बारीक टाइपात बाकीचे सगळे पाठभेद देतात. ज्याचा पाठ नाकारला त्याचेही शब्द पानावरच राहतात.

आणखी एक गोष्ट. महाभारताच्या त्या आवृत्तीत जिथे संपादकांची पुरती खात्री नाही, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. इतकी वर्षे, इतके विद्वान, इतक्या पोथ्या. आणि तरीही 'इथे आम्ही ठाम नाही' हे सांगणारी रेघ. मला ती रेघ सगळ्या आवृत्तीतली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. अण्णांचे 'ओळख पटत नाही' हे फोल्डर म्हणजे तीच रेघ होती. नव्या यंत्राने ते फोल्डर काढून टाकले, कारण त्याच्यापाशी अनोळखी माणसासाठी जागाच नव्हती. त्या एकसष्टांपैकी नऊ जणांना त्याने कोणा ना कोणाचे नाव देऊन टाकले होते.

मात्र खरे सांगायचे तर नऊपैकी एक नाव बरोबर निघाले. निपाणीच्या वाड्यासमोर नऊवारीत उभी असलेली एक मुलगी अण्णांनाही ओळखता आली नव्हती. यंत्र म्हणाले, ही तुमची आजी. मी हसलो. तरी फोटो निपाणीला आत्याकडे पाठवला. तिने नथीवरून ओळखले. ती आजीच होती, लग्नाआधीची. स्वतःच्या आईला अण्णा ओळखू शकले नाहीत, कारण त्यांनी तिला त्या वयात पाहिलेच नव्हते. यंत्राला वय आडवे आले नाही.

तेव्हा आता आमच्या घरी दोन्ही प्रोग्राम आहेत. जुना माझ्या जुन्या संगणकावर, इंटरनेटची तार काढून. म्हणजे पुतण्याच्या भोकांची भीती नको. नवा सूनबाईच्या संगणकावर, तिची मांडणी पुन्हा उभी करून. ते काम मी तिच्या शेजारी बसून केले आणि गुजराती ओळी तिने सांगितल्या तशा टंकल्या. पुतण्याने तिसरी गोष्ट केली : अण्णांच्या ओळी प्रत्येक फोटोच्या पोटातच लिहून ठेवल्या. म्हणजे उद्या प्रोग्राम कोणताही येवो, नाव फोटोबरोबर जाईल. वही आणि फोटो वेगळे ठेवण्याची चूक अण्णांची नव्हती, पण ती दुरुस्त करणे आमचे काम होते.

परतणे बरोबर होते का? मला वाटते, होते. पण सवयीसाठी नव्हे. स्वतःसाठी बोलू न शकणाऱ्या एका माणसाचे नाव पुसले जात होते, म्हणून. आणि परतताना दुसऱ्या कोणाचे पुसले जाते ते पाहिले नाही, ही चूक होती, तीही माझीच.

या दिवाळीत आवराआवर करताना तुमच्याही हाती अल्बम लागतील. नावे लिहून ठेवा. फोटोच्या मागे, पेन्सिलीने. मराठीत, कानडीत, गुजरातीत, जी लिपी घरात वाचली जाते तीत. खात्री नसेल तर खात्री नाही असे लिहा.

दादाकाकांचा फोटो त्या अमावास्येला छापून आला आणि चौरंगावर अण्णांच्या शेजारी बसला. मागे मी अण्णांचीच ओळ लिहिली आहे. 'ओळख पटत नाही' मध्ये आता साठ फोटो आहेत.