न दिसणारा सांधा आणि फळाचा त्याग

सर्किट बोर्डावरचा एखादा सांधा वरून चकचकीत दिसतो, चाचणीत पास होतो आणि तरीही आतून कच्चा असतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यातल्या कुशल तंत्रज्ञापुढचा धर्माचा प्रश्न इथेच उभा राहतो. ज्या कामाचे फळ आपल्याला कधीच दिसणार नाही, ते किती जीव ओतून करायचे? फळावर आपला हक्क नाही असे गीता सांगते. मग त्या फळाची काळजीही सुटते का?

कारखान्यात ज्याला ड्राय सोल्डर म्हणतात तो दोष घाईतून होतो. सांधा पक्का व्हायचा तर बोर्डावरचे तांब्याचे पॅड आणि घटकाचा पाय दोन्ही एकदम तापावे लागतात. तेव्हाच वितळलेले कथील तांब्यावर पसरते आणि दोहोंच्या सीमेवर त्यांच्या संयोगाचा पातळ थर तयार होतो. सोल्डरिंग आयर्नचे टोक नुसत्या सोल्डरच्या तारेला लावले तर सोल्डर पॅडवर बसते, पण धरत नाही. जुने कथील-शिशाचे सोल्डर १८३ अंश सेल्सियसला वितळत असे. हल्लीच्या शिसेविरहित सोल्डरला २१७च्या पुढे जावे लागते, त्यामुळे उतावळेपणा आता जास्तच नडतो. टच-अपनंतर, म्हणजे हाताने केलेल्या दुरुस्तीनंतर, मागे राहिलेला फ्लक्स (सोल्डर धरावे म्हणून लावतात ते रसायन) हा याहून लपलेला दोष. तो सौम्य आम्ल असतो, पुरेसा तापला नाही तर तसाच राहतो, आणि कोरड्या खोलीतल्या चाचणीत काहीच त्रास देत नाही.

त्रास होतो हेदवीसारख्या गावात. गुहागर तालुक्यातले हे गाव समुद्राला लागून आहे. भरतीच्या वेळी बामणघळीच्या चिंचोळ्या भेगेत शिरलेले पाणी उंच उसळते, आणि दशभुज लक्ष्मी-गणेशाच्या दर्शनाला आलेली माणसे ते पाहायला मुद्दाम किनाऱ्यावर उतरतात. त्याच खाऱ्या, दमट हवेत घरोघरचे इन्व्हर्टर आणि टीव्ही चालू असतात. उरलेल्या फ्लक्समध्ये ओल मुरते, क्षार विरघळतात, व्होल्टेज असलेल्या दोन पॅडांच्या मधे धातूचे बारीक तंतू वाढतात आणि ऐन पावसाळ्यात बोर्ड जातो. भोसरीच्या किंवा महाप्याच्या लाइनवर ज्याच्या हातून तो बोर्ड नीट पुसायचा राहिला, त्याला याचा पत्ताही लागत नाही. तो याच तालुक्यातून आयटीआय करून गेलेला असला, तरीही नाही.

कर्माच्या अधिकाराविषयीचा दुसऱ्या अध्यायातला उपदेश सर्वांना ठाऊक असतो, आणि त्याचा सोयीचा अर्थही: आपण आपले काम करावे, पुढचे देवावर सोडावे. पण हा अर्थ गीतेतच टिकत नाही. अठराव्या अध्यायात कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत; त्यांतले दोन इथे महत्त्वाचे. फळाची इच्छा न धरता, आसक्तीवाचून केलेले नियत कर्म ते सात्त्विक. पुढचा परिणाम, होणारे नुकसान, दुसऱ्याला पोचणारी इजा आणि आपली कुवत यांपैकी कशाचाच विचार न करता मोहाने आरंभलेले ते तामस. या दोन व्याख्यांमध्ये एकाच श्लोकाचे अंतर आहे. फळाची हाव सोडणे ही साधना आणि परिणामाकडे पाठ फिरवणे हा दोष, इतका स्पष्ट भेद तिथे केलेला आहे. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११मध्ये लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’तही निष्काम कर्माला लोकसंग्रहाची, म्हणजे सर्वांच्या हिताची, जोड आहे. बोर्ड पुसण्याइतकी लहान गोष्टही लोकसंग्रहातच मोडते.

कामालाच भक्ती मानणारी परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पण अरणचे सावता माळी आणि तेरचे गोरोबा कुंभार यांच्यापुढे त्यांच्या कामाचा भोक्ता उभा होता. मडके गळके निघाले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात येते. तंत्रज्ञाच्या बाबतीत हा दुवा तुटलेला असतो, एवढेच नव्हे तर इजा करतानाही त्याला काही जाणवत नाही. अंगावरच्या स्थिर विजेची ठिणगी माणसाला सुमारे तीन हजार व्होल्टच्या पुढे जाणवते. नाजूक चिप शंभराच्या आतही दुखावते, आणि कधीकधी लगेच बंद न पडता काही महिन्यांनी पडते. म्हणून मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा लावून बसायचे. तो कातडीला नीट टेकला आहे की नुसता अडकवला आहे, हे शिफ्टभर त्या एकट्यालाच माहीत असते. मानके आणि तपासण्या जिथे संपतात तिथून पुढचे सगळे त्याच्या सचोटीवर चालते.

कर्ता कोण, हा याच्याच पोटातला प्रश्न. बरेचसे सांधे ओव्हनमध्ये जुळतात. माणूस त्या यंत्राचा तापमानाचा प्रोफाइल लावतो, बिघडलेले दुरुस्त करतो. गीता कोणत्याही कर्माची पाच कारणे मानते: अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवे दैव. केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची समज ती कच्ची ठरवते. रिजेक्शन आले की कारखान्यातही माणूस, यंत्र, माल आणि पद्धत अशी चारही अंगे तपासतात. दोन्ही विचारांत एका माणसावर खापर फोडणे बसत नाही. मात्र पाचांतला एक म्हणून कर्त्याचा वाटा उरतोच, आणि दैव शेवटी मोजलेले आहे हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते तेव्हा हळद-कुंकू आणि उदबत्तीची राख उघड्या बोर्डांपासून दूर ठेवावी लागते. तिथे हे अंतर राखणे हीदेखील पूजाच आहे; अवजाराचा मान ते ज्यासाठी आहे ते काम बिघडू न देण्यात आहे.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. कंत्राटावर राबणाऱ्याला निष्कामतेचा उपदेश करणे मालकाच्या फार सोयीचे असते. पण मजुरी हे सोडून देण्याचे फळ नव्हे. तिसऱ्या अध्यायात देव आणि माणसे यांनी परस्परांना पोसावे असे सांगितले आहे, आणि मिळालेले परत न देता एकट्यानेच भोगणाऱ्याला चोर म्हटले आहे. हा न्याय मालकालाही लागू आहे. फळाचा त्याग ज्याचा त्याने करायचा असतो; तो दुसऱ्याकडून वसूल करता येत नाही. तासाचे टार्गेट इतके चढवले की बोर्ड पुसायला वेळच उरू नये, तर त्या तामस कर्मात टार्गेट ठरवणाऱ्याचा वाटा आयर्न धरणाऱ्यापेक्षा मोठा आहे.