घरच्यांसाठी केलेला स्वयंपाक ही सेवा आहे का?

दर रविवारी मी केंद्रावरच्या स्वयंपाकघरात सेवेला जातो. दीडशे-दोनशे लोकांचा स्वयंपाक असतो. दुधी सोलणे, कोबी चिरणे, मोठी पातेली घासणे, कशाचाच मला कंटाळा येत नाही. घरी मात्र जेवण झाले की ताट तिथेच ठेवून मी उठतो.

माझी दुसरी सेवा अनुवादाची. गेल्या हिवाळ्यात निष्काम सेवेवरचा एक हिंदी लेख मराठीत आणत बसलो होतो. आईने दोनदा चहा आणून ठेवला. दुसऱ्यांदा आली तेव्हा तिच्या अंगात ताप होता, हे मला रात्री बहिणीकडून कळले. त्या तापातही तिने दुसऱ्या दिवसासाठी वाटीभर राजमा भिजत घातला होता.

आम्ही वडोदऱ्याला राहतो. बाबा त्या आठवड्यात बाहेरगावी होते. सकाळी मी ठरवले, आज सूप करायचे. आजीला दात नाहीत, आईच्या तोंडाला चव नव्हती आणि बहीण दुधी बघितला की उठून जाते. एका पातेल्यात तिघींचे जमवायचे होते.

राजमा नीट शिजला नाही तर पोटाला त्रास होतो, हे तेव्हा पहिल्यांदा वाचले. त्याच्या दाण्यात मुळातच एक विषारी द्रव्य असते. भिजवलेले पाणी टाकून द्यायचे आणि ताज्या पाण्यात निदान 10 मिनिटे खळखळून उकळायचे, म्हणजे ते नष्ट होते. नुसते कोमट आचेवर ठेवून भागत नाही. मी कुकर लावला, शिट्टीनंतर आच मंद केली. आईने अंथरुणातूनच सांगितले, "दाणा बोटांत चिरडून बघ, मधे कडक लागता कामा नये." मग गाजर, फरसबी, टोमॅटो आणि बारीक किसलेला दुधी (बहिणीला सांगितले नाही). अर्धा राजमा रवीने घोटून घातला, त्यानेच सूप दाट झाले. वरून जिरे, मिरपूड. भाज्या धुण्यापासून ओटा पुसेपर्यंत सव्वादोन तास गेले.

सगळ्यांनी मुकाट्याने जेवून घेतले. आजी एवढेच म्हणाली, "मीठ कमी आहे."

खरे सांगतो, मला वाईट वाटले. केंद्रावर कुणीतरी हमखास पाठीवर थाप मारते. म्हणजे मी रविवारी जे करतो त्यात त्या थापेचा वाटा किती, हे त्या एका वाक्याने दाखवून दिले. जो लेख मी आदल्या दिवशी भाषांतरित करत होतो, त्यातला 'निष्काम' हा शब्द मला फक्त लिहिता येत होता.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. राष्ट्रीय उत्पन्न शिकताना एक जुने उदाहरण येते, पिगू या अर्थशास्त्रज्ञाचे: एखाद्याने आपल्या घरी पगारावर काम करणाऱ्या बाईशी लग्न केले, तर देशाचे उत्पन्न कमी होते. काम तेच, पण पगार थांबला की ते हिशेबातून जाते. आपल्या सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे देत होत्या आणि पुरुष 97. परीक्षेसाठी मी हे पाठ केले होते. माझ्या मनातल्या सेवेच्या वहीतही आईच्या नावावर शून्यच आहे, हे लक्षात आले नव्हते.

आता यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो उथळ नाही. गीतेच्या 17 व्या अध्यायात, ज्याच्याकडून परतफेड होणार नाही त्याला दिलेले दान सात्त्विक म्हटले आहे. घरचे तर परतफेड करतात. शिवाय ती ममता आहे, 'माझे' म्हणून केलेले आहे. 3 ऱ्या अध्यायात केवळ स्वतःसाठी अन्न शिजवणाऱ्यांना दोष दिला आहे. मग 'स्वतः'मध्ये आपले कुटुंब धरायचे का?

मला वाटते, कधी कधी धरावे लागते. आपल्या चौघांचे पोट भरले की शेजारचा उपाशी असला तरी चालते, असे वाटू लागले तर तो मोठा केलेला स्वार्थच. पण परतफेडीची कसोटी आईला लावून पाहा. 22 वर्षांत मी काय परत केले? कौतुकसुद्धा नाही. त्या कसोटीवर तिचे रोजचे पातेले माझ्या रविवारच्या पातेल्यापेक्षा वर बसते. अनोळखी माणसाला वाढताना मला माझा चांगुलपणा दिसत असतो. घरी तो कुणाला दिसत नाही, मलाही नाही.

केंद्रावर जाणे मी सोडलेले नाही, सोडावे असेही वाटत नाही. फक्त बुधवारचा रात्रीचा स्वयंपाक मागून घेतला. आईने लगेच दिला नाही. "अभ्यास आहे तुझा," म्हणाली, आणि मला शंका आहे की तिला तिची भांडी आठवली असावीत.

पहिल्या बुधवारी कुणाला न सांगता पहाटे राजमा भिजवला. संध्याकाळी कुकर लावताना आई मागे येऊन उभी राहिली.

"भिजवलेलं पाणी टाकलंस ना?"

मी विसरलो होतो.