चमत्कार, चौकशी आणि ईमान

२०१२ च्या मार्च महिन्यात मुंबईत, विलेपार्ल्याजवळ इर्ला येथील वेलंकनी मातेच्या चर्चपाशी भाविकांची रीघ लागली होती. तेथील क्रूसावरील मूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकत होते आणि लोक ते पवित्र मानून गोळा करीत होते. बुद्धिवादी चळवळीतील सनल एडामारुकू पाहणीसाठी तेथे गेले. त्यांनी दिलेले कारण साधे होते. जवळच्या स्वच्छतागृहाच्या सांडपाण्याचा मार्ग तुंबला होता. दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तसे भिंतीत मुरलेले ते पाणी वर चढले होते आणि मूर्तीवर उतरत होते. दूरचित्रवाणीवरील चर्चेत त्यांनी चर्चवरही कठोर टीका केली. त्यानंतर काही कॅथलिक संघटनांनी भारतीय दंड संहितेच्या कलम २९५-अ खाली पोलिसांत तक्रारी दाखल केल्या. अटकेची शक्यता दिसू लागल्यावर एडामारुकू त्याच वर्षी फिनलंडला गेले.

वाचकहो, अशी वार्ता वाचून आपल्यापैकी अनेकांना हसू येते. परंतु हसण्यापूर्वी क्षणभर थांबणे आवश्यक आहे. हजरत मरयम (अ.) यांना पुरुषस्पर्शावाचून पुत्र झाला, यावर आपले ईमान आहे. हजरत ईसा (अ.) पाळण्यात असताना बोलले, त्यांनी मातीच्या पक्ष्यात फुंकर घातली व तो जिवंत पक्षी झाला, जन्मांध आणि कुष्ठरोगी त्यांच्या हातून बरे झाले, मृत उठले. हे सर्व अल्लाहच्या आज्ञेने घडले, असे दिव्य कुरआन सूरह आलि इमरान आणि सूरह माइदामध्ये सांगते. ख्रिस्ती बांधवांशी आपले मतभेद मूलभूत आहेत; पण चमत्कार घडू शकतो, या विश्वासात आपण त्यांच्याच बाजूला उभे आहोत. त्यांच्यावर रोखलेला संशयाचा बाण आपल्यालाही लागतो.

नेरूळ-पनवेलच्या महाविद्यालयांत शिकणारी आपली मुले नेमके हेच विचारतात. क्रूसाचे पाणी खोटे, तर मूसा (अ.) यांच्या काठीचा साप खरा कशावरून? या प्रश्नावर “असे बोलू नये” एवढेच उत्तर मिळाले, तर मूल गप्प बसते. त्याचे समाधान मात्र होत नाही. मशिदीत येणे थांबण्याच्या कितीतरी आधी अशा मुलाचे मन दूर गेलेले असते. म्हणून हा प्रश्न टाळण्यासारखा नाही.

युरोपात हा वाद जुना आहे. १७४८ मध्ये स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी मांडले की, निसर्गनियमाच्या बाजूने अखिल मानवजातीचा अनुभव असतो, तर चमत्काराच्या बाजूने काही माणसांची साक्ष. माणसे चुकतात, फसतात आणि फसवतातही. म्हणून शहाण्याने अनुभवाचे पारडे जड मानावे. १८३५ मध्ये जर्मन अभ्यासक डेव्हिड श्ट्राउस यांनी येशूंच्या चरित्रातील चमत्कार म्हणजे श्रद्धेतून जन्मलेल्या कथा होत, असे प्रतिपादन केले. या दुहेरी आघातानंतर काही ख्रिस्ती विचारवंतांनी चमत्कारांचा केवळ नैतिक अर्थ घेतला. इतर अनेकांनी मात्र ते घडलेच, असे ठामपणे मानणे सोडले नाही.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार ह्यूमच्या सुमारे साडेसहाशे वर्षे आधी झालेला आहे. इमाम गझाली (र.) यांनी ‘तहाफुतुल फलासिफा’ या ग्रंथात अग्नी आणि कापसाचे उदाहरण घेतले. अग्नीचा स्पर्श होताच कापूस जळतो, हे आपण पाहतो. पण जळणे अटळ आहे, त्याविरुद्ध घडणे अशक्यच आहे, हे आपल्याला दिसत नाही. ते आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तो अल्लाहचा नित्याचा परिपाठ आहे, आणि परिपाठ घालून देणारा तो बदलूही शकतो. इब्ने रुश्द यांनी यावर सडेतोड आक्षेप घेतले आणि तो वाद आजही अभ्यासला जातो. तरी गझालींचा मुद्दा टिकून आहे: विज्ञान काय नेहमी घडते ते सांगते, काय कधीच घडू शकत नाही, याचा अंतिम निवाडा त्याच्या हाती नाही.

मात्र या युक्तिवादाची दुसरी बाजू आपण सहसा सांगत नाही. परिपाठ अल्लाहचा असेल, तर त्याची स्थिरता हीसुद्धा त्याचीच निशाणी आहे. मग अपवादाचा दावा दुर्मीळच असणार आणि त्याचा पुरावाही तेवढाच भारदस्त हवा. “अल्लाह काहीही करू शकतो” हे सत्य आहे. परंतु त्यावरून “अमुक ठिकाणी त्याने हेच केले” हे सिद्ध होत नाही. पहिले वाक्य ईमान आहे. दुसरे वाक्य ही एक बातमी आहे, आणि बातमीची शहानिशा करा, हा सूरह हुजुरातचा आदेश आहे.

याचा सर्वांत तेजस्वी दाखला प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनात आहे. त्यांचे लहानगे पुत्र इब्राहीम (रजि.) मदिनेत वारले, त्याच दिवशी सूर्यग्रहण झाले. सूर्यही शोकाकुल झाला, असे लोक म्हणू लागले. प्रेषितांनी केवळ मौन पाळले असते, तरी ती कथा युगानुयुगे चालली असती. परंतु पुत्रशोकाच्या त्या घडीलाही त्यांनी लोकांना समजावले की, सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत; कोणाच्या मरणाने वा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. आणि त्यांनी लोकांना नमाजकडे वळवले. ज्याला सत्याचा आधार आहे, त्याला खोट्या चमत्काराचा टेकू लागत नाही.

आता आपल्या घराकडे पाहू. १८ ऑगस्ट २००६ रोजी माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाल्याची वार्ता पसरली आणि हजारो माणसे ते पिऊ लागली. हजरत मखदूम अली माहिमी (र.) यांची ती करामत, असे म्हटले गेले. पावसाळ्यात मिठी नदीतून आलेल्या गोड्या पाण्यामुळे खारटपणा घटला होता, असे तज्ज्ञांनी सांगितले. ते पाणी दूषित आहे, पिऊ नका, असे प्रशासन बजावत होते. वलींची करामत अहले सुन्नत मान्य करतात. पण कोणतीही एखादी घटना करामत होती, असे मानणे ईमानाची अट नाही. आणि हजरत मखदूम कोण होते? कोकणच्या मातीतले, कुरआनचे भाष्यकार, थोर विद्वान. त्यांच्या ग्रंथाचे पान न उलटता त्यांच्या नावाने घाण पाणी पिणे हा कसला आदर?

तीच गत आपल्या मोबाईलवरील संदेशांची. चंद्रावरील एका लांब भेगेचे छायाचित्र शक्कुल कमरचा, म्हणजे चंद्र दुभंगल्याचा, वैज्ञानिक पुरावा म्हणून फिरत असते. ते १९६९ च्या अपोलो १० मोहिमेत टिपलेल्या एका भूरचनेचे आहे. अशा भेगा चंद्रावर अनेक आहेत आणि चंद्र दुभंगल्याचा तो पुरावा नव्हे. उद्या आपल्या मुलाला हे कळेल, तेव्हा तो छायाचित्राबरोबर मूळ विश्वासही टाकून देईल. ऐकलेले सारे पुढे सांगत सुटणे हेच माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, या आशयाची हदीस आपण विसरतो.

मग मुलाला उत्तर काय द्यावे? प्रामाणिक उत्तर हे की, मरयम (अ.) यांचे मातृत्व किंवा मूसा (अ.) यांची काठी प्रयोगशाळेत अथवा इतिहासाच्या दप्तरात सिद्ध झालेली नाही, आणि आपण त्यासाठी तिकडे जातही नाही. आपला विश्वास वार्ता देणाऱ्याच्या सत्यतेवर उभा आहे: कुरआनवर आणि ज्यांना शत्रूही ‘अमीन’ म्हणत, त्या प्रेषितांवर. म्हणून त्याने आधी त्या साक्षीची पारख करावी. जी वार्ता अशा साक्षीने आलेली नाही, तिला हा मान नाही. मग ती चर्चमधून येवो, देवळातून येवो की दर्ग्यातून.

ख्रिस्ती जगाकडूनही येथे शिकण्यासारखे आहे. फ्रान्समधील लूर्द येथे रोग बरे झाल्याचे दावे तपासण्यासाठी डॉक्टरांचे कार्यालय १८८३ पासून आहे. हजारो दाव्यांपैकी चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्यांची संख्या सत्तरच्या आसपास आहे. इर्ल्याच्या क्रूसालाही चर्चने अधिकृत चमत्कार म्हटले नव्हते. चौकशी श्रद्धेची वैरीण नाही, हे त्यांच्यातील अनेकांना ठाऊक आहे. कोणाच्या श्रद्धास्थानाची निंदा करू नये, ही कुरआनची शिकवण बुद्धिवाद्यानेही पाळली तर बरे; पण भिंतीतले पाणी कोठून येते, या प्रश्नाचे उत्तर पोलीस ठाण्यात मिळत नाही. पुढच्याच वर्षी, २० ऑगस्ट २०१३ रोजी, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज बंद केल्याने कोणताही धर्म खरा ठरत नाही. मक्केच्या कुरैशांनी झरे, बागा आणि सोन्याचे घर मागितले, तेव्हा आपण केवळ एक मानव व प्रेषित आहोत, एवढेच सांगण्याचा आदेश प्रेषितांना झाला. त्यांनी कोणा प्रश्नकर्त्याचे तोंड दाबले नाही.

वाचकहो, पुढच्या वेळी एखादी अद्भुत वार्ता मोबाईलवर येईल, तेव्हा ती पुढे पाठवण्याआधी घरातील मुलांना जवळ बसवा आणि विचारा: हे कोणी पाहिले? कोणी सांगितले? दुसरे कारण असू शकते का? आपल्या मुहद्दिसांनी हदीसची एकेक साखळी याच कसोटीने पारखली. अल्लाह आपणा सर्वांना सत्य ओळखण्याची दृष्टी आणि ते आपल्या इच्छेविरुद्ध असले तरी स्वीकारण्याचे धैर्य देवो. आमीन.