जागेचा धर्म: योहान नेस्केन्स यांची कारकीर्द आणि स्वधर्माचा प्रश्न

कर्तव्य नेमके कशाला जोडलेले असते, ते पार पाडणाऱ्या माणसाच्या जन्माला, त्याच्या गुणांना, की तो ज्या जागी उभा आहे त्या जागेला, हा स्वधर्माच्या विचारातील मूळ प्रश्न आहे. भगवद्गीतेच्या तिसऱ्या आणि अठराव्या अध्यायांत स्वतःचे कर्म उणे असले तरी ते परक्याच्या उत्तम रीतीने केलेल्या कर्मापेक्षा श्रेयस्कर मानले आहे. परंतु यातील ‘स्व’ कोणता, याविषयी भाष्यकारांमध्ये एकवाक्यता नाही. परंपरेने त्याचा अर्थ बहुतांशी वर्णाशी, म्हणजे व्यवहारात जन्माशी लावला, तर लोकमान्य टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त त्याचा भर कर्मयोगाकडे, म्हणजे फळाची आसक्ती सोडून लोकांच्या धारणेसाठी कर्म करीत राहण्याकडे वळवला. येथे मांडावयाचा विचार असा, की कर्तव्य माणसाला नव्हे तर जागेला चिकटलेले असते, आणि ती जागा रिकामी दिसली की जो जवळ असेल त्याने ती भरणे हाच त्या क्षणीचा त्याचा स्वधर्म होय. या विचाराची कसोटी पाहण्यासाठी एका डच फुटबॉलपटूची कारकीर्द आणि बारामती-इंदापूर परिसरातील दोन जुन्या रीती एकमेकींशेजारी ठेवून पाहता येतात.

योहान नेस्केन्स यांचा जन्म 15 सप्टेंबर 1951 रोजी नेदरलँड्समधील हेमस्टेडे या गावी झाला आणि ॲमस्टरडॅमच्या आयाक्स क्लबमधून ते जगापुढे आले. ते मध्यरक्षक होते. म्हणजे बचावफळी आणि आघाडीची फळी यांच्या मधल्या पट्ट्यात खेळणारे, मागून आलेला चेंडू पुढे पोहोचवणारे आणि पुढे हरवलेला चेंडू परत मिळवण्यासाठी सर्वांत आधी धावणारे खेळाडू. प्रशिक्षक रीनुस मिखेल्स आणि त्यांच्यानंतर आलेले स्तेफान कोवाच यांच्या काळात आयाक्सने जी पद्धत रूढ केली, तिला ‘टोटल फुटबॉल’ हे नाव मिळाले. तिचे तत्त्व असे, की मैदानातील जागा ठरलेल्या असतात पण त्या कोणाच्या मालकीच्या नसतात. बचावपटू चेंडू घेऊन पुढे गेला तर त्याने सोडलेली जागा मध्यरक्षकाने भरायची, मध्यरक्षकाची जागा आघाडीपटूने, आणि असे करताना संघाची घडी विस्कटू द्यायची नाही.

नेस्केन्स यांची कारकीर्द या तत्त्वाचे चालते उदाहरण होती. 1971 साली वेम्बलीवर झालेल्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात आयाक्सने पानाथिनाइकोसला 2–0 असे हरवले, तेव्हा ते उजव्या बगलेला बचावपटू म्हणून खेळले होते. पुढच्या दोन वर्षांत क्लबने तोच चषक आणखी दोनदा जिंकला आणि तोपर्यंत ते मध्यक्षेत्रात स्थिरावले होते. स्थिरावले हा शब्दही येथे सैल अर्थानेच घ्यावा लागतो, कारण प्रतिस्पर्धी संघाच्या सूत्रधाराचा पाठलाग करीत ते त्याच्याच अर्ध्या मैदानात शिरत, आणि त्यांनी मागे सोडलेली पोकळी राहू नये म्हणून संपूर्ण बचावफळी पुढे सरकत असे. त्या सरकण्यामुळे मागे राहिलेले प्रतिस्पर्धी आघाडीपटू ऑफसाइड ठरत, म्हणजे चेंडू त्यांच्याकडे येण्याआधीच शेवटच्या बचावपटूंच्या पलीकडे उभे असल्याने नियमाबाहेर जात. एका माणसाने आपली जागा सोडण्याचे धैर्य दाखवावे आणि उरलेल्यांनी त्या धैर्याला अर्थ प्राप्त करून द्यावा, अशी ही परस्परावलंबी रचना होती. मागचे सरकले नसते, तर तीच धाव निव्वळ बेजबाबदारपणा ठरली असती.

अशी रचना क्रीडांगणापुरतीच असते असे नाही. भाटघर धरणाच्या पाण्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या कोरडवाहू पट्ट्यात ऊस उभा केला, आणि त्या पाण्यासोबत एक शब्दसंपदाही रुजली. ‘शेजपाळी’ हा त्यातील एक अर्थपूर्ण शब्द आहे. कालव्याच्या एका आवर्तनात कोणत्या शेताला कोणामागून पाणी मिळेल याचा शेजाराशेजाराने लावलेला क्रम, असा त्याचा अर्थ. ‘दारे धरणे’ हा दुसरा शब्दप्रयोग. पाटाच्या कडेला फोडलेले तोंड म्हणजे दारे. एक सरी भरली की तिचे दारे मातीने बुजवायचे आणि पुढच्या सरीचे फोडायचे, हे काम करणारा माणूस हातात फावडे घेऊन, पाळी रात्रीची असेल तर रात्रभर, चिखलात उभा असतो. पाणी त्याने निर्माण केलेले नसते आणि ऊसही त्याच्याकडे पाहून वाढत नाही. तो फक्त वाहत्या गोष्टीला योग्य वेळी योग्य दिशा देतो. मध्यरक्षकाचे काम याहून निराळे नाही. दारे फुटले आणि नेमलेला माणूस शेताच्या दुसऱ्या टोकाला असला, तर जो जवळ असेल तो फावडे उचलतो. त्या वेळी हे काम कोणाचे असा प्रश्न विचारणारा माणूस तात्त्विकदृष्ट्या बरोबर असला तरी तोवर पाणी वाया गेलेले असते.

दुसरी रीत वारकरी परंपरेतील आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी असा मार्ग आक्रमीत पंढरपूरकडे जाते. काटेवाडीत परीट समाज पालखीखाली धोतरांच्या पायघड्या अंथरतो आणि मेंढ्या पालखीभोवती धावतात, तर बेलवाडीत पहिले गोल रिंगण होते, ज्यात पालखी मध्ये ठेवून पताकावाले, डोईवर तुळस घेतलेल्या महिला, विणेकरी आणि शेवटी अश्व तिच्याभोवती फेऱ्या घेतात. या सोहळ्यांचे वर्णन पुष्कळ होते. मात्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट याच गावांमध्ये होणाऱ्या अखंड हरिनाम सप्ताहात आढळते, आणि ती म्हणजे वीणेचा पहारा. सप्ताहाचे सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, असा दंडक असतो. त्यासाठी गावकऱ्यांच्या पाळ्या लावल्या जातात, आणि पाळी संपली की वीणा पुढच्याच्या गळ्यात घालून दोघे एकमेकांच्या पाया पडतात. या नमस्कारात वयाचा वा प्रतिष्ठेचा विचार होत नाही. देणारा घेणाऱ्याला वंदन करतो, कारण वीणा आता त्याच्या गळ्यात आहे, आणि घेणारा देणाऱ्याला, कारण ती आतापर्यंत खाली टेकलेली नाही. येथे पावित्र्य माणसात नाही आणि एका अर्थाने वाद्यातही नाही. ते अखंडतेत आहे, आणि ती अखंडता अनेक माणसांच्या बदलत्या पाळ्यांतूनच सिद्ध होते.

तथापि या परंपरेचा गौरव करताना तिची मर्यादा झाकून चालणार नाही. वारकरी संतांमध्ये सावता माळी, गोरा कुंभार, सेना न्हावी अशी मांदियाळी आहे आणि त्यांनी आपापल्या कामातच भक्ती पाहिली. परंतु चोखोबांना मंदिराच्या बाहेरच राहावे लागले, आणि पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुले होण्यासाठी 1947 साली साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. कर्म जन्माला बांधले की जागा बदलण्याची शक्यताच संपते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली जातिव्यवस्थेच्या उच्छेदाविषयी लिहिताना नेमके हेच दाखवून दिले, की जात ही कामांची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच बंदिस्त कप्प्यांत केलेली वाटणी आहे. स्वधर्माच्या जन्माधिष्ठित अर्थावरील हा आक्षेप निरुत्तर करणारा आहे. जागाधिष्ठित अर्थ मात्र या आक्षेपातून सुटतो, कारण जागेला जन्म नसतो. ज्याच्या पूर्वजांनी कधी वीणा धरली नाही त्याच्या गळ्यात ती पडली, तर त्या प्रहरापुरता तोच विणेकरी.

यावर असा प्रतिप्रश्न संभवतो, की कोणीही कोणतीही जागा घेऊ लागला तर कौशल्याला काय अर्थ उरेल. हा प्रश्न रास्त आहे, परंतु आयाक्सच्या पद्धतीत त्याचे उत्तरही आहे. तेथे जागा बदलता येत होती ती प्रत्येकाने स्वतःच्या कामाखेरीज शेजाऱ्याचे कामही शिकून घेतले होते म्हणून. उजव्या बगलेला बचाव केलेला असल्यामुळेच नेस्केन्स यांना मध्यक्षेत्रात आल्यावर मागच्याची अडचण कळत होती. म्हणजे जागेचा धर्म मानणाऱ्यावर अधिक ओझे पडते, कमी नाही: जन्माचा धर्म माणसाला एकच काम शिकवून मोकळा होतो, तर जागेचा धर्म शेजपाळीतल्या शेजाऱ्याचे शेतही ओळखीचे असावे अशी अपेक्षा करतो.

फळाचा प्रश्न याहून अवघड आहे. 7 जुलै 1974 रोजी म्युनिक येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या प्रारंभी डच खेळाडूंनी चेंडू एकमेकांकडे फिरवत ठेवला, योहान क्रायफ यांना गोलक्षेत्रात पाडण्यात आले आणि दुसऱ्याच मिनिटाला नेस्केन्स यांनी पेनल्टी किक मधोमध, पूर्ण जोराने मारून गोल केला. तोपर्यंत पश्चिम जर्मनीच्या एकाही खेळाडूचा चेंडूला स्पर्श झालेला नव्हता. त्या स्पर्धेतील त्यांचा हा पाचवा गोल होता. पुढे पश्चिम जर्मनीने सामना 2–1 असा जिंकला. चार वर्षांनी ब्युनोस आयर्समध्ये, क्रायफ संघात नसताना, नेस्केन्स पुन्हा अंतिम सामन्यात उतरले आणि जादा वेळेत अर्जेंटिनाने तो 3–1 असा जिंकला. बार्सिलोनाकडून खेळलेल्या पाच वर्षांत त्यांना स्पॅनिश लीगचे विजेतेपद एकदाही मिळाले नाही, आणि तेथील लोकांनी प्रेमाने दिलेले नावही ‘दुसरा योहान’ असे होते, कारण पहिला योहान म्हणजे क्रायफ. फळ हाच कर्माचा निकष मानला, तर या कारकिर्दीच्या मोठ्या भागाला अपयशाच्या खात्यात टाकावे लागेल.

1974 च्या पराभवाची एक मीमांसा अशी केली जाते, की आघाडी मिळाल्यावर डच संघाला दुसऱ्या गोलापेक्षा प्रतिस्पर्ध्याला खेळवण्यात अधिक रस वाटू लागला. ती खरी मानली तर गीतेच्या परिभाषेत हा ‘संग’ होय, म्हणजे कर्म पूर्ण होण्याआधीच त्याच्या गोडीत गुंतून पडणे. आणि तसे पाहिल्यास फलासक्ती सोडण्याचा उपदेश हरलेल्याच्या सांत्वनासाठी नसून जिंकत असलेल्याच्या सावधगिरीसाठी आहे, असे दिसते.

या ठिकाणी एक गल्लत टाळणे आवश्यक आहे. फळाची आसक्ती सोडावी हे वचन माणसाने स्वतःला सांगायचे असते. बागायतदाराने ते मजुराला सांगितले, तर तो उपदेश राहत नाही, तो अन्याय होतो. रात्रभर दारे धरणाऱ्याची मजुरी हे त्याच्या श्रमाचे मोल आहे, कर्मफळ नव्हे, आणि ते चुकते करणे ज्याचा ऊस आहे त्याच्या जागेचा धर्म आहे. त्याचप्रमाणे कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गावाने पाण्याची आस धरू नये, असे वरच्या टोकाच्या गावाला म्हणता येत नाही, कारण पाणी खाली पोहोचेल असे पाहणे हे वरच्या जागेचेच कर्तव्य असते. जागेचा धर्म अशा रीतीने दोन्ही बाजूंना बांधतो, आणि हेच त्याचे जन्माच्या धर्मापासूनचे खरे वेगळेपण आहे.

1979 नंतर नेस्केन्स न्यूयॉर्कच्या कॉसमॉस क्लबकडे गेले, पुढे स्वित्झर्लंडमधील लहान क्लबांत वावरले आणि मग प्रशिक्षणाकडे वळले. तेथेही 1998 च्या विश्वचषकात डच संघाचे प्रशिक्षक गूस हिडिंक यांचे आणि नंतर बार्सिलोनात फ्रँक रायकार्ड यांचे सहायक, अशी दुसऱ्या क्रमांकाची जागाच त्यांच्या वाट्याला बहुधा आली. राष्ट्रीय संघासाठी 49 सामने आणि 17 गोल एवढाच हिशेब मांडला तर या उत्तरार्धाला स्थान उरत नाही. परंतु 6 ऑक्टोबर 2024 रोजी वयाच्या 73 व्या वर्षी त्यांचे निधन झाले, ते अल्जीरियात, डच फुटबॉल महासंघाच्या उपक्रमांतर्गत तेथील प्रशिक्षकांना शिकवण्यासाठी गेलेले असताना. मैदानावरची त्यांची जागा चार दशकांपूर्वीच दुसऱ्यांनी घेतली होती, आणि ते आता ती जागा कशी घ्यावी हे कसे शिकवायचे, ते शिकवीत होते. सप्ताहातील पहाऱ्यात ज्याची पाळी संपते तो लगेच घरी जातोच असे नाही; नवखा विणेकरी सुरात येईपर्यंत पुष्कळदा तो टाळ घेऊन शेजारी उभा राहतो, आणि त्या वेळी त्याच्या गळ्यात वीणा नसली तरी ती खाली टेकू नये याची जबाबदारी त्याच्याकडून सुटलेली नसते.