श्रद्धेविना जगण्याला अर्थ?



देव न मानणाऱ्याच्या जगण्याला अर्थ तो कसला, असे आपण सहज म्हणून जातो. ‘नटसम्राट’ गाजवणारे डॉ. श्रीराम लागू (निधन २०१९) हे उघड नास्तिक. देवाला आता निवृत्त करा, असे ते जाहीरपणे म्हणत. लोकलवर कुणी भिरकावलेल्या दगडाने त्यांचा मुलगा तन्वीर गेला. लागू दाम्पत्याने त्याच्या नावाने रंगकर्मींचा गौरव करणारा ‘तन्वीर सन्मान’ सुरू केला. या जगण्याला आपण अर्थहीन म्हणू शकू का?

जिथे सत्य आणि प्रेम आहे, तिथे अर्थ आहेच. मग श्रद्धा कशासाठी? माणूस आपल्या दुःखातून इतरांसाठी काही उभारू शकतो. पण गेलेले लेकरू परत आणणे त्याच्या हाती नाही. प्रभूचे पुनरुत्थान सांगते की, ते लेकरू देवाच्या हाती आहे. श्रद्धा अर्थाची मक्तेदारी नव्हे, ती ही आशा आहे.

नास्तिकता वाढण्यात श्रद्धावंतांच्या वागण्याचाही वाटा असतो, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट म्हटले. तेव्हा नास्तिक शेजाऱ्याला उपदेश करण्याआधी आपण स्वतःला विचारू या : आपल्या जगण्यात त्याला ती आशा दिसते का?